भागीदारी व्यवसाय आणि दायित्वाची वाटणी

सर्वांनी मिळून, किंवा सर्वांच्या वतीने त्यांच्यापैकी एखाद्याने, चालविलेल्या व्यवसायाचा नफा आपसांत वाटून घेण्याचे ज्यांनी कराराने ठरविले आहे, अशा व्यक्तींमधील संबंधास भागीदारी म्हणतात. भारतात तिचे नियमन ‘भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२’ अन्वये होते. भागीदारी संस्थेला तिच्या भागीदारांहून निराळे कायदेशीर व्यक्तित्व नसल्यामुळे संस्थेचे कर्ज हे भागीदारांचेच कर्ज ठरते.

नफ्यात वाटा मिळतो एवढ्यावरून कोणी भागीदार होत नाही, आणि कोकण किनाऱ्यावर हा भेद वारंवार पुढे येतो. मासळीच्या विक्रीतून डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे नौकामालक, तांडेल (नौकेचा प्रमुख) व खलाशी यांच्यात वाटे पाडण्याची रीत येथील मासेमारीत रूढ आहे. परंतु कामाचा मोबदला म्हणून मिळालेला नफ्याचा अंश नोकराला आपोआप भागीदार बनवीत नाही, असे अधिनियमाचे कलम ६ सांगते; त्यामुळे मालकाचे देणे थकले तरी केवळ वाट्याच्या आधारे खलाशाकडून ते वसूल करता येत नाही. चुलतभावांनी सामायिक हापूस कलमांचे उत्पन्न वाटून घेणे हीदेखील तेवढ्यावरून भागीदारी नव्हे, ती सहमालकी होय. हिंदू एकत्र कुटुंबाचा धंदा जन्मसिद्ध हक्कावर उभा असतो, करारावर नव्हे. म्हणून तोही या व्याख्येबाहेर राहतो.

मुदत किंवा समाप्तीची तरतूद करारात नसेल, तर ती इच्छाधीन भागीदारी होय आणि कोणताही भागीदार लेखी सूचना देऊन ती विसर्जित करू शकतो. एकाच विशिष्ट कामापुरती केलेली ती विशिष्ट भागीदारी. देवगड परिसरातील काही बागा एका हंगामासाठी दोघांनी मिळून कराराने घेतल्या, आंबा काढून पेट्या वाशीच्या बाजारात पाठविल्या आणि हंगाम आटोपला, की एरवी काही ठरले नसल्यास अशी भागीदारी संपते. देणी मात्र फिटेपर्यंत उरतात.

दायित्वाच्या बाबतीत आपसांतील हिशेब आणि बाहेरच्या धनकोंशी, म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांच्याशी, असलेले नाते या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कलम २५ नुसार प्रत्येक भागीदार, तो भागीदार असताना संस्थेने केलेल्या सर्व कृत्यांबद्दल, इतरांसह संयुक्तपणे व स्वतः पृथकपणेही जबाबदार असतो. समजा, हर्णै बंदरातील तिघांनी ५०, ३० आणि २० टक्के हिश्शांनी ट्रॉलर चालविला आणि डिझेल व जाळ्यांचे १२ लाख रुपये देणे झाले. भागीदारीपत्राप्रमाणे तिसऱ्याच्या वाट्याला २ लाख ४० हजार येतात. पण धनको सगळे १२ लाख त्याच्या एकट्याकडून मागू शकतो आणि उरलेले ९ लाख ६० हजार सहभागीदारांकडून वसूल करणे हा त्या बिचाऱ्याचा प्रश्न ठरतो. पत्रात हिस्से लिहिलेच नसतील, तर नफा आणि तोटा दोन्ही समान वाटले जातात, मग भांडवल कोणी कितीही घातलेले असो. संस्थेची मालमत्ता प्रथम संस्थेच्या आणि भागीदाराची खासगी मालमत्ता प्रथम त्याच्या खासगी कर्जासाठी वापरावी, असा क्रम कलम ४९ मध्ये आहे.

मुंबईत नोकरी करून गावच्या भावाच्या धंद्यात भागीदार म्हणून पैसे घालणाऱ्याची समजूत बहुधा अशी असते, की बुडाले तर घातलेले पैसे बुडतील. प्रत्यक्षात कारभारात भाग न घेणाऱ्या या निष्क्रिय भागीदाराचे दायित्वही अमर्याद असते. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, व्यक्तीला सर्वांच्या संमतीने केवळ लाभापुरते सामील करता येते आणि तिची जबाबदारी तिच्या हिश्शापुरतीच राहते. निवृत्त भागीदाराने जाहीर सूचना दिली नाही, तर त्यानंतरच्या व्यवहारांचीही जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. मात्र तो भागीदार होता हेच ज्याला ठाऊक नव्हते, अशा त्रयस्थापुरती ती येत नाही.

नोंदणी सक्तीची नाही. तथापि नोंदणी नसलेली संस्था करारावर आधारित हक्कासाठी त्रयस्थावर दावा लावू शकत नाही, त्रयस्थ मात्र तिच्यावर लावू शकतो. महाराष्ट्राने राज्य दुरुस्तीने हे निर्बंध आणखी कडक करून विसर्जनाचा व हिशेबाचा दावाही बव्हंशी रोखला होता. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरविली.

‘मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियम, २००८’ने निर्माण केलेली संस्था मात्र स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. तिची नोंदणी आवश्यक असते, भागीदार तिचा प्रतिनिधी असतो, इतर भागीदारांचा नव्हे, आणि सहकाऱ्याच्या चुकीचा भार त्याच्या खासगी मालमत्तेवर पडत नाही. स्वतःच्या गैरकृत्याबद्दल तो जबाबदार राहतोच, आणि धनकोंना फसविण्याच्या हेतूने व्यवहार झाल्यास त्यात सामील असणाऱ्यांचे दायित्व अमर्याद होते. कर्ज देताना बँकेने भागीदारांची वैयक्तिक हमी घेतली असेल, तर त्या कर्जापुरते हे संरक्षण उरत नाही, कारण हमीची जबाबदारी १८७२ च्या करार अधिनियमातून येते.