तळ दिसणाऱ्या विहिरीचं पाणीही तपासावं लागतं

नाशिकमध्ये मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी या बाजूला शहर वाढत गेलं, तरी मळ्यातल्या विहिरी अजून वापरात आहेत. शेजारी बंगला उभा राहतो, विहिरीचं पाणी मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि काही महिन्यांत गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मग घरात ठरतं, सगळ्या घराला मिळून एक मोठा फिल्टर बसवू. विचार योग्यच आहे, फक्त दुकानात जाण्याआधी प्रयोगशाळेत जावं.

नाशिकची जमीन बेसाल्टची. पावसाचं पाणी मातीतून खाली जाताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. पुढे मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून झिरपताना ते खडकातलं कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेतं. विहिरीतल्या क्षारांचा उगम हा. पाणी तापलं की यातलंच कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने कॉइलवर बसतं. द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात याच्या जोडीला खतांमधलं नायट्रेट येतं, आणि शोषखड्डा जवळ असेल तर जंतू.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५, आणि तिथे कसलीही सवलत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. तपासणी दोनदा करावी: मे महिन्यात, कारण पाणी आटलेलं असताना क्षार सहसा जास्त सापडतात, आणि पावसाळा लागल्यावर, कारण गाळ आणि जंतू तेव्हा विहिरीत उतरतात. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यायचा आणि लवकरात लवकर पोचवायचा.

वाळूचा फिल्टर फक्त गाळ अडवतो. विरघळलेले क्षार वाळूतून जसेच्या तसे पार होतात, त्यामुळे क्षारांवरचा उपाय म्हणून तो विकला जातो तेव्हा मला फार वाईट वाटतं. कार्बनचा फिल्टर वास आणि रंग काढतो. क्षारांसाठी सॉफ्टनर लागतो. त्यातल्या रेझिनच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) बारीक मण्यांवर सोडियम असतं. मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. म्हणूनच सॉफ्टनरनंतर टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटरवरचा आकडा जवळपास तेवढाच दिसतो. यंत्र बिघडलेलं नसतं, एका क्षाराच्या जागी दुसरा आलेला असतो.

आकाराचा हिशेब घरी करता येतो. पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ६७५ लिटर. कठीणता ४०० असेल तर रोज २७० ग्रॅम काढायची. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम धरतं, म्हणजे २५ लिटर रेझिन साडेचार दिवस पुरेल. मग मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करायचं. अशा पाण्यात लिटरला सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. रक्तदाबाचा रुग्ण घरात असेल तर हा आकडा महत्त्वाचा आहे. शिवाय सोडियमने काळी माती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते. म्हणून बागेची आणि स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढावी, आणि मिठाचं सांडपाणी झाडांना किंवा विहिरीकडे मुळीच सोडू नये.

नायट्रेट यातल्या कशानेच जात नाही. पाणी उकळलं तर वाफ उडून त्याचं प्रमाण उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटू शकते, त्यामुळे ते मर्यादेपलीकडे असेल तर बाळासाठी हे पाणी वापरू नये. मोठ्यांच्या पिण्यापुरता ओट्याजवळ नायट्रेट कमी करणारा आरओ बसवावा. अख्ख्या घराला आरओ लावणं म्हणजे पाण्याची नासाडी.

बसवताना जागा चुकू देऊ नका. टाकीपासून नळापर्यंत तीन मीटर उंची असली तर दाब मिळतो चौरस सेंटीमीटरला जेमतेम ०.३ किलो. एवढ्यावर मोठा फिल्टर लावला तर वरच्या मजल्यावरचा शॉवर नुसता ठिबकेल. म्हणून वाळू आणि सॉफ्टनर मोटार आणि टाकी यांच्यामध्ये, मोटारीच्या दाबावर बसवावेत. हजार लिटरची टाकी पंधरा मिनिटांत भरत असेल तर प्रवाह ताशी ४००० लिटर, फिल्टर तेवढ्या क्षमतेचा हवा. दोन्ही बाजूंना युनियन (उघडता येणारा पाइपचा जोड) आणि बायपासचा व्हॉल्व्ह घ्या, नाहीतर दुरुस्तीच्या दिवशी अख्खं घर कोरडं राहील. आत-बाहेर प्रेशर गेज लावा. दोन्हींतला फरक वाढला की बॅकवॉशची, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुण्याची, वेळ झाली. स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधी निघत असल्याने तिला वेगळी टाकी लागेल; जंतू मारणारा यूव्ही (अतिनील) दिवा मात्र त्या टाकीनंतर. टाकीत पाणी पुन्हा दूषित होऊ शकतं, आणि गढूळ पाण्यात यूव्ही किरण जंतूंपर्यंत नीट पोचत नाहीत. सगळं बसल्यावर महिनाभराने ओट्याच्या नळाचं पाणी पुन्हा प्रयोगशाळेत द्या आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहा.