लिलावातली जुनी गाडी घेताय? बोलीआधी पात्रता, कागदपत्रे आणि फॉर्म समजून घ्या

हप्ते थकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतात. मग ती शहराबाहेरच्या यार्डात धूळ खात उभी राहते आणि काही दिवसांनी लिलावाच्या यादीत येते. बाजारभावापेक्षा कमी आकडा दिसला की संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत कुणाचेही मन चळते, आणि त्यात गैर काही नाही. चांगल्या गाड्या लिलावात खरोखर मिळतात. पण आपण यार्डात जातो, बॉनेट उघडतो, टायर बघतो आणि बोली लावतो. खरा प्रश्न त्याच्या आधी विचारायचा असतो: ही गाडी माझ्या नावावर कोणत्या फॉर्मवर होणार?

माझ्या मेहुण्याने २०२२ साली एका फायनान्स कंपनीच्या लिलावातून एमएच २३ पासिंगची कार घेतली. पैसे वेळेत भरले, गाडी दारात आली, नारळ फुटला. नाव चढायला मात्र अकरा महिने लागले. मूळ आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, जुन्या कर्जदाराकडेच राहिली होती आणि तो फोन उचलत नव्हता. आरटीओत ऑनलाइन अर्ज करायला बसलो, तर ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जायचा. कंपनीच्या शाखेत दर खेपेला नवा माणूस भेटायचा. तेवढ्यात विमा संपला आणि गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. ही वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये असे मनापासून वाटते.

आता प्रक्रिया. लिलाव कोण करतो यावर सगळे अवलंबून आहे.

केंद्र किंवा राज्य सरकारने, किंवा त्यांच्या वतीने कुणी लिलाव केला असेल, उदाहरणार्थ थकीत करापोटी आरटीओने अटकाव केलेल्या गाड्यांचा, तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ५७ लागतो आणि अर्ज फॉर्म ३२ वर करायचा असतो. गाडी ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत. सोबत आरसी, विम्याचे प्रमाणपत्र, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचे विक्री कायम झाल्याचे पत्र आणि ज्या शासकीय आदेशाने लिलाव झाला त्याची प्रमाणित प्रत. ही शेवटची प्रत बरेच जण मागायची विसरतात आणि मग त्या एका कागदासाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालतात. पैसे भरतानाच ती मागून घ्या. गाडीला नंबरच नसेल किंवा तो खोटा निघाला, तर आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावावर नवा नंबर पडतो आणि मग तुमचे नाव चढते.

बँक किंवा फायनान्स कंपनीचा लिलाव हा वरच्या अर्थाने सरकारी लिलाव नव्हे. तिथे फॉर्म ३२ चालत नाही. तिथे मालकी बदलाचे नेहमीचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, आणि बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. फॉर्म २९ वर सही नोंदणीकृत मालकाची हवी, म्हणजे त्याच कर्जदाराची, ज्याची गाडी ओढून आणली आहे. तो सही देत नसेल, आरसी परत करत नसेल किंवा सापडतच नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे फायनान्स कंपनीला फॉर्म ३६ वर अर्ज करून आरसी आधी स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. आरटीओ जुन्या मालकाला नोटीस देते, त्याचे म्हणणे ऐकते आणि मग नवी आरसी काढते. त्यानंतर कंपनीकडून तुमच्याकडे हस्तांतर. या वाटेला वेळ लागतो, म्हणून बोलीआधी विचारा: आरसी कुणाच्या नावावर आहे, मूळ आरसी तुमच्या हातात आहे का, फॉर्म ३६ झाला आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका. ई-मेलवर किंवा लेटरहेडवर मागा. लिहून द्यायला का-कू करत असतील, तर ती गाडी सोडून द्या.

पोलीस ठाण्यातल्या बेवारस गाड्या आणि सरकारी खात्यांच्या निर्लेखित, म्हणजे वापरातून काढलेल्या जीप यांचे वेगळेच. पोलिसांच्या लिलावात बहुतेक गाड्या भंगार म्हणूनच विकल्या जातात. जाहिरातीत ‘भंगार’ किंवा ‘स्क्रॅप’ हा शब्द आहे का ते नीट वाचा, कारण तसे असेल तर ती गाडी रस्त्यावर येणार नाही. सरकारी मालकीच्या १५ वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढतच नाही, ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडावी लागतात. जुन्या सरकारी जीपची हौस असेल, तर हा नियम आधी ध्यानात घ्या.

पात्रता सोपी आहे. वय १८ पूर्ण हवे. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत परत येण्यासाठी रद्द केलेला धनादेश एवढे साधारण लागते. बोली लावायला वाहनचालक परवाना लागत नाही. भंगाराच्या लिलावात मात्र अनेकदा जीएसटी नोंदणी किंवा भंगार व्यवसायाचा परवाना मागतात. अनामत रक्कम आधी भरावी लागते. बोली तुमच्या नावावर सुटली आणि उरलेले पैसे मुदतीत भरले नाहीत, तर अनामत सहसा जप्त होते. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे. यार्डातला कुणी ‘कॅश द्या, स्वस्तात करून देतो’ म्हणाला, तर तिथून निघा.

बोलीच्या आदल्या रात्री घरी बसून करायचे काम अर्ध्या तासाचे आहे. परिवहनच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून कितवा मालक, बोजा कुणाचा, कर आणि विमा कुठवर, गाडी काळ्या यादीत तर नाही, हे बघा. ई-चलनाची थकबाकी वेगळी तपासा, कारण ती फेडण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर गाडी चोरीची नाही ना, तेही कळते. परराज्यातली गाडी असेल, तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), फॉर्म २७ वर नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर, हे सगळे बोलीच्या आकड्यात धरून हिशेब करा. खासगी गाडी १५ वर्षांच्या पुढची असेल, तर नोंदणी नूतनीकरणाचा खर्चही धरा.

यार्डात ‘आहे त्या ठिकाणी, आहे त्या स्थितीत’ ही अट असते. पुढे तक्रार ऐकली जात नाही. चेसिसवरचा नंबर कापडाने पुसून आरसीशी एकेक आकडा जुळवा. आरटीओत याच नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो, तो खरवडलेला असेल तर काम तिथेच अडते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्याकडे बीड, धाराशिव, लातूर भागांत किती पाणी आले ते आपण पाहिले. बुडालेली गाडी धुऊन पुसून नवी दिसते. मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ असेल, तर गाडीत पाणी शिरले होते असे समजा. डिकीतले स्टेपनीचे झाकण उचलून खालचा गाळ बघा, गालिचा दाबून वास घ्या.

बोली मिळाली की विक्रीपत्र, पैशांची पावती आणि गेटपास घेतल्याशिवाय किल्लीला हात लावू नका. विमा चालू नसेल, तर गाडी चालवत आणू नका, टोइंगने आणा. विमा चालू असला, तरी तो आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवायचे असते. अपघातात आपल्याच गाडीचे नुकसान झाले, तर जुन्या मालकाच्या नावावरची पॉलिसी कामाला येत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी नसेल, तर ती आधी बसवून घ्या, नाहीतर आरटीओत हस्तांतराचे काम अडेल. तुम्ही कुठे राहता आणि गाडी कुठे ठेवता, यावरून अर्ज कोणत्या आरटीओत करायचा ते ठरते. मराठवाड्यातले मुख्य कोड: एमएच २० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली, ४४ अंबाजोगाई.

नवी आरसी हातात आली की नाव आणि पत्ता तर बघाच, पण बोज्याची नोंद आधी बघा. तिथे जुन्या फायनान्स कंपनीचे नाव अजून दिसत असेल, तर त्याच आठवड्यात फॉर्म ३५ घेऊन परत आरटीओत जा.