स्टोअर ब्रँडची जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (खरेदी)

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत मोठी दुकानं आणि कॅटलॉग कंपन्या शिकारीच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली (दर गोळीला बोल्ट म्हणजे खिटी हाताने मागे-पुढे करायची) स्वतःच्या नावाने विकायच्या, बनवायचं दुसऱ्याच कुणीतरी. त्या आजही जुन्या मालाच्या बाजारात भरपूर फिरतात आणि त्या घेणं हा तिकडच्या शिकाऱ्यांचा एक वेगळाच छंद झालाय. सिअर्सचं नाव होतं जे. सी. हिगिन्स आणि नंतर टेड विल्यम्स, माँटगोमेरी वॉर्डचं वेस्टर्न फील्ड, जे. सी. पेनीचं फोरमोस्ट, वेस्टर्न ऑटोचं रेव्हेलेशन. हिगिन्स हा सिअर्सच्याच ऑफिसातला एक कर्मचारी, त्याचं नाव खेळाच्या सामानाला दिलं गेलं आणि बंदुकांवरही आलं. टेड विल्यम्स मात्र बोस्टन रेड सॉक्सचा बेसबॉलपटू, 1960 मध्ये रिटायर झाला आणि मग सिअर्सने त्याला धरलं.

नळीवरचं नाव फक्त माल कोणी विकला ते सांगतं. खरी चौकशी करायची ती बनवणाऱ्याची, आणि तिथे एकाच नावाखाली जमीन-अस्मानाचा फरक निघतो. हिगिन्स मॉडेल 50 घ्या, .30-06 आणि .270 या कॅलिबरमध्ये (गोळीच्या मापात) यायची, हिची अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट आणि त्याची चौकट, बेल्जियमच्या एफएन कंपनीची माउझर पद्धतीची आणि नळी हाय स्टँडर्ड कंपनीची, आतून क्रोम केलेली, त्यामुळे गंज सहसा धरत नाही. त्यानंतरच्या 51-एल मध्ये स्वीडनच्या हस्क्वर्नाची अ‍ॅक्शन आहे, आणि .222 ची मॉडेल 52 तर फिनलंडच्या साकोची. हे बघून हिगिन्स म्हणजे सोनं असं वाटायला लागतं, पण त्याच नावाच्या .22 बोल्ट-अ‍ॅक्शन मार्लिन कंपनीने बनवलेल्या साध्या स्वस्त बंदुका आहेत, वाईट नाहीत, पण माउझरशी त्यांचा काही संबंध नाही. टेड विल्यम्स मॉडेल 53 ही मूळची विंचेस्टर कंपनीची, तिने 1964 मध्ये डिझाइन बदललं त्यानंतरची. वेस्टर्न फील्डच्या बऱ्याच बोल्ट रायफली मॉसबर्ग कंपनीच्या, त्यांची 780 म्हणजे मॉसबर्ग 800 च.

ओळखायचं कसं? सिअर्सच्या बंदुकांवर टिंब घातलेला आकडा असतो, टिंबाच्या आधीचा भाग बनवणाऱ्याचा कोड. 583 आला की हाय स्टँडर्ड, 103 आला की मार्लिन. मूळ मॉडेल कळलं की स्पेअर पार्टचा प्रश्न अर्धा सुटतो, कारण दुकान बंद पडलं तरी त्या मॉडेलचे पार्ट जुन्या पार्टच्या विक्रेत्यांकडे सापडतात आणि दुकानाचं नाव कुठल्या मॉडेलशी जुळतं याचे तक्ते ते देतात. फक्त मॅगझिन (गोळ्या भरायचा कप्पा) सुटं असेल तर जपून, ते हरवलेलं असलं की नवं शोधताना रायफल स्वस्त मिळाल्याचा आनंद बराचसा ओसरतो.

1968 च्या आधीच्या .22 रायफलींवर सिरियल नंबरच नसणं अगदी नॉर्मल आहे, तेव्हा तो सक्तीचा नव्हता. नंबर घासून काढल्याच्या खुणा दिसल्या तर मात्र हात लावू नका. त्याच वर्षीच्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने दुसऱ्या राज्यातून पोस्टाने बंदूक मागवणंही बंद केलं. त्याआधी हे सर्रास चालायचं, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येत वापरलेली कार्कानो रायफल मारेकरी ऑस्वाल्डने 1963 मध्ये शिकागोच्या दुकानातून स्कोपसकट (नेम धरायच्या दुर्बिणीसकट) 19.95 डॉलरला पोस्टानेच मागवली होती.

हातात आली की सगळ्यात आधी ती रिकामी आहे ना ते स्वतः बघायचं, विकणारा कितीही खात्री देऊ दे. मग बोल्ट काढून उजेडाकडे धरून नळीतून बघायचं, चेंबरजवळ (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे गोळी बसते) खड्डे किंवा नळीच्या तोंडाशी झिजलेली कड दिसली तर अचूकतेची आशा कमी. दस्त्याला अ‍ॅक्शनच्या मागे चीर गेलीय का, स्कोपसाठी कुणी घरच्या घरी ड्रिलने भोकं पाडलीत का, दस्ता आखूड कापलाय का, हे सगळं भावात धरायचं. बोल्ट मूळचा नाही अशी शंका आली तर गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमधलं अंतर, गेजने तपासून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही, नो-गो गेजवर (अंतर जास्त झालंय का ते दाखवणाऱ्या मापावर) बोल्ट बंद होता कामा नये. कॅलिबर नळीवर लिहिलंय ते आणि चेंबर एकच आहे ना हेही तिथेच बघून घ्या, मधल्या एखाद्या मालकाने चेंबर बदलून घेतलेलं असू शकतं.

भावाचं गणित साधं, तीच रायफल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने असती तर महाग पडली असती, दुकानाचं नाव असल्यामुळे स्वस्त. एफएन अ‍ॅक्शनवाल्या हिगिन्स आता जाणकारांना ठाऊक झाल्यात, तिथे फार सूट मिळेलच असं नाही. संग्राहकांसाठी हा माल फारसा नाही, शिकारीला वापरणाऱ्याने घ्यायचा.

लायसन्सवाल्या डीलरकडून घेताना 4473 नंबरचा सरकारी फॉर्म भरावा लागतो आणि बॅकग्राउंड चेक होतो, खाजगी व्यवहाराचे नियम राज्यागणिक वेगळे. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक बाब: ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याची आडकाठी नसते, पण एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक घेणं बेकायदा आहे, त्यात थोडे अपवाद आहेत, मुख्य म्हणजे तिथल्या राज्याचा चालू शिकार परवाना. भारतात परत येताना ती सोबत आणायचा विचार कुणी करत असेल तर 1959 चा शस्त्र कायदा आधी बघावा.