तंद्री की फिट?

दुसरीतला एक मुलगा मोठ्याने धडा वाचतोय. शब्द मध्येच तुटतो. डोळे उघडेच, पापण्या किंचित फडफडतात, ओठ चाटल्यासारखे हलतात. आठ-दहा सेकंदांनी तो पुन्हा वाचू लागतो, पण भलत्याच ओळीवरून. "लक्ष कुठंय रे तुझं?" बाई विचारतात. त्याला खरंच ठाऊक नसतं, कारण ते दहा सेकंद त्याच्यापुरते घडलेलेच नसतात.

शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या वहीतही तोच शेरा: लक्ष नाही. तिला पंख्याची कुरकुर ऐकू येते, बाहेर रिक्षा वळलेली कळते, गणवेशाचं लेबल मानेला टोचत राहतं, आणि या गर्दीत बाईंचा आवाज म्हणजे आणखी एक आवाज.

मुलाला येते ती ॲबसन्स सीझर, म्हणजे हातपाय न झाडता येणारी फिट. मुलीला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याची मेंदूच्या वाढीतली अडचण. आपल्याकडे फिट म्हटलं की तोंडाला फेस डोळ्यांपुढे येतो. म्हणून पहिल्याची फिट वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही, तो उगाच बोलणी खातो. याचं फार वाईट वाटतं.

आत काय घडतं? डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारी खबर थॅलॅमस या मेंदूतल्या नाक्यावरून पुढे जाते. फिटमध्ये थॅलॅमस आणि मेंदूचा बाहेरचा थर एकाच ठेक्यात अडकतात, सेकंदाला साधारण ३ ठोके. ईईजीवर, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, टोकदार सुळका, मागे संथ लाट, पुन्हा सुळका, असा नमुना उमटतो. तेवढा वेळ नाका जवळपास बंद. एडीएचडीच्या बऱ्याच मुलांची अडचण उलटी: खबर येतच राहते, नको ती बाजूला सारणं जमत नाही.

फिट पकडायची तपासणी मला फार आवडते. ईईजी चालू असताना मुलाला जत्रेतल्यासारखं कागदी भिरभिरं देतात आणि सुमारे ३ मिनिटं जोरजोरात फुंकायला सांगतात. ॲबसन्स असेल तर बहुतेकदा मध्येच फुंकणं थांबतं, भिरभिरं मंदावतं, आणि त्याच क्षणी आलेखावर सुळके उमटतात. (घरी करून बघू नका.)

एडीएचडीला असा आलेख नाही. अनेक मुलांची सरासरी काढली तर काही अभ्यासांत संथ थीटा लहरी जास्त आणि जलद बीटा कमी दिसल्या. पण एकट्या मुलाचं निदान त्यावर टेकवता येत नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये थीटा-बीटाच्या गुणोत्तरावर चालणाऱ्या यंत्राला पूरक साधन म्हणून परवानगी दिली खरी, पण २०१६ मध्ये तिथल्याच न्यूरॉलॉजी अकादमीने, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, निदानासाठी ते वापरू नका, असं बजावलं. तेव्हा कुणी फक्त 'ब्रेन मॅपिंग' (ईईजीवरून काढलेला मेंदूचा नकाशा) करून एडीएचडीचा शिक्का मारत असेल तर पैसे देऊ नका. निदान होतं ते घर आणि शाळा दोन्हीकडची हकिकत नीट ऐकून.

घरी ओळखायचं कसं? तंद्री लागलेलं मूल खांद्यावर हात ठेवला की बहुधा परत येतं, आणि ती लागते मुख्यतः कंटाळवाण्या कामात. फिट आवडत्या खेळातही येते, तोंडात घास असतानाही, दिवसातून कित्येकदा, आणि हाक मारून थांबत नाही. अशी फिट आणि एडीएचडी दोन्ही एकाच मुलात असू शकतात, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसऱ्याचा शोध सोडू नये.

शंका आली तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. पापण्या दिसतील इतक्या जवळून.