मनोरुग्णालयात सिस्टर आली कधी?

"याला येरवड्याला न्या", "ठाण्याला पाठवा" असं आपल्याकडे आजही सहज तोंडून निघून जातं. त्या जागांविषयीची जुनी भीती या शब्दांत अजून शिल्लक आहे. १८५८च्या कायद्यानंतर देशभर वेड्यांची इस्पितळं उभी राहिली. पुढे नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा इथेही ती झाली. उंच भिंती, गजांच्या खिडक्या, बाहेरून कुलूप. आत राबणाऱ्या माणसाची पात्रता एकच, अंगात जोर हवा. रुग्ण पळू नये आणि कुणाला मारू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. शुश्रूषा हा शब्द तिथे फारसा पोहोचलाच नव्हता.

फ्रान्समध्ये मात्र एका साध्या माणसाने त्याआधीच वेगळं करून दाखवलं होतं. ज्यां-बाप्तिस्त प्युसँ डॉक्टर नव्हता. तो स्वतः बिसेत्रच्या इस्पितळात रुग्ण म्हणून राहिला होता आणि बरा झाल्यावर तिथेच कामाला लागला. १७९७ मध्ये त्याने तिथल्या रुग्णांच्या साखळ्या काढल्या. मदतनीस म्हणून तो बरे झालेले रुग्ण घ्यायचा, कारण ते हात उगारणार नाहीत याची त्याला खात्री होती. श्रेय बहुतांशी डॉक्टर पिनेल यांच्या नावावर गेलं. मानसिक आजारातल्या शुश्रूषेचा मूळपुरुष मी मात्र प्युसँलाच मानते.

रीतसर प्रशिक्षण बरंच उशिरा आलं. १८८२ मध्ये अमेरिकेतल्या मॅक्लीन इस्पितळात परिचारिकांसाठी शाळा निघाली आणि १८८५ मध्ये ब्रिटनमध्ये मदतनिसांसाठी हस्तपुस्तिका छापली गेली.

खरी कसोटी लागली ती मनोविकारांवरच्या इन्सुलिन उपचाराच्या काळात. १९३०च्या दशकात ही पद्धत आली. रुग्णाला सकाळी उपाशीपोटी इन्सुलिन टोचायचं. साखर उतरली की दरदरून घाम सुटायचा, मग तो बेशुद्ध व्हायचा. सिस्टर खाटेजवळून हलायची नाही. नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या, पुन्हा नाडी. वेळ झाली की नाकातल्या नळीवाटे साखरेचं पाणी. त्यात हयगय झाली तर माणूस हातचा जायचा. शुद्धीवर आलेला रुग्ण भेदरलेला असे. त्याला पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं. बरेच रुग्ण सुधारत, आणि डॉक्टर त्याचं श्रेय इन्सुलिनला देत. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये तुलना करून पाहिली गेली. काहींना इन्सुलिनऐवजी दुसऱ्या औषधाने बेशुद्ध केलं, बाकी देखभाल अगदी तीच ठेवली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्या खाटेशेजारच्या माणसाचा गुण त्यात किती होता, हा प्रश्न मला वाचताक्षणी पडला, आणि तो आजही सुटत नाही.

तोवर १९५२ साल येऊन गेलं होतं. क्लोरप्रोमाझिन हे औषध त्याच वर्षी मनोविकारांवर वापरात आलं, आणि त्याच वर्षी हिल्डगार्ड पेप्लाव या अमेरिकन परिचारिकेने परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच शुश्रूषेचा गाभा, असं पुस्तकातून मांडलं. औषधाने आरडाओरडा कमी झाला आणि बोलायला जागा मिळाली. "तोंड उघडा काका, जीभ वर करा बघू," असं म्हणत गोळी गिळल्याची खात्री करताना काल रात्री झोप लागली का, घरची आठवण येते का, हेही सिस्टर विचारून घेते. डॉक्टरांच्या राउंडला न सापडणारी गोष्ट अशी तिच्या हाती लागते.

भारतात १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली (आजची निम्हान्स), आणि तिथे सुरुवातीच्याच वर्षांत मानसोपचार शुश्रूषेची पदविका आली. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिलं. घरचं माणूस सोबत असलं की रुग्ण लवकर घरी जातो, हे तिथे दिसलं.

तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या एका निवासाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळताच आलं नाही. २५हून अधिक माणसं जळून गेली. प्युसँनंतर दोनशे वर्षांनी.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडाला बंदी घातली. याच कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या आहे आणि राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तिची व्यावसायिक म्हणून नोंदणी होते. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला दाखल करताना दोन स्वतंत्र तपासण्या लागतात. एक मनोविकारतज्ज्ञाची. दुसरी अशी नोंदणी झालेली सिस्टरही करू शकते.