सीसीआर-५ : एचआयव्हीची वाट अडवणारी गोळी

एचआयव्हीवरची बहुतेक औषधं विषाणूच्या एन्झाइमांवर घाला घालतात. २००७ साली अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या मॅराव्हिरॉकचं तसं नाही. या गोळीचा रोख आहे आपल्याच पांढऱ्या पेशींवरच्या सीसीआर-५ या प्रथिनावर.

पेशीत शिरायला एचआयव्हीला दोन रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरची, विषाणू ज्यांना चिकटतो ती प्रथिनं) लागतात. आधी तो सीडी-४ ला चिकटतो. तसं झालं की त्याच्या जीपी-१२० या प्रथिनाचा आकार बदलतो आणि तोवर झाकलेला भाग उघडा पडतो. हा भाग बहुतेक वेळा सीसीआर-५ ला भिडतो, आणि मगच विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळतं. हे १९९६ मध्ये उलगडलं. वारंवार संपर्क येऊनही काहींना लागण का होत नाही, हे कोडंही त्याच वर्षी बऱ्याच अंशी सुटलं. अशा काही जणांच्या सीसीआर-५ जनुकाच्या दोन्ही प्रतींतून डीएनएची ३२ अक्षरं गळालेली होती, त्यामुळे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नव्हता. उत्तर युरोपात अशी माणसं साधारण शंभरात एक. भारतात हा बदल फार विरळा. मुद्दा असा, की ही माणसं एरवी ठणठणीत असतात (वेस्ट नाइल विषाणू मात्र त्यांना जास्त त्रास देतो). औषध शोधणाऱ्यांना धीर आला तो यामुळे.

विषाणू सीसीआर-५ ला जिथे चिकटतो, त्या जागेवर मॅराव्हिरॉक जाऊन बसत नाही. ते प्रथिनाच्या आतल्या खोबणीत शिरतं आणि बाहेरचा आकार किंचित बिघडवतं. बिजागरीत पाचर ठोकली की कुलूप शाबूत असूनही दार हलत नाही, तसलाच प्रकार.

मानवी प्रथिन बदलत नाही, म्हणून विषाणूची पळवाट बंद, हा हिशेब मात्र भाबडा म्हणावा लागेल. काही विषाणू औषध चिकटलेला सीसीआर-५ सुद्धा वापरायला शिकतात. काही सीएक्ससीआर-४ हा दुसरा रिसेप्टर धरतात. म्हणून गोळी सुरू करण्याआधी रुग्णातला विषाणू कोणता रिसेप्टर वापरतो, याची चाचणी करावी लागते. भारतात जास्त आढळणारा ‘सी’ उपप्रकार बहुधा सीसीआर-५ च वापरतो.

मग सीएक्ससीआर-४ ही अडवावा? प्लेरिक्साफॉर या औषधाने ते करून पाहिलं. पण हा रिसेप्टर रक्ताच्या मूळपेशींना अस्थिमज्जेत धरून ठेवतो. औषध देताच त्या सुटून रक्तात येऊ लागल्या. एचआयव्हीसाठी ते बाद झालं. २००८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती नेमकी याच ‘दुष्परिणामा’साठी : प्रत्यारोपणाआधी कर्करुग्णांच्या मूळपेशी रक्तातून गोळा करायला.