सलाईनची चकरी सैल केली की पेशंट लवकर बरा होतो?

मोबाईलांवर असा एक सल्ला फिरतो: ‘सलाईन जोरात सोडा, अँटिबायोटिक लवकर अंगात जातं, पेशंट लवकर बरा होतो.’ यामागे आपल्या माणसाची काळजीच असते, पण हे खरं नाही.

व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचं उदाहरण घ्या. रक्तातल्या किंवा हाडातल्या गंभीर जंतुसंसर्गावर ते शिरेतून देतात. जंतू मरतात ते औषधाची पातळी दिवसभर टिकल्यामुळे, म्हणून तर पुढचा डोस ठरावीक तासांनी असतो. बाटली तासभर आधी संपवून त्यात काही वाढत नाही. उलट औषध घाईनं गेलं तर शरीरातून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं. चेहरा, मान, छाती लाल होते, खाज सुटते, रक्तदाबही घसरू शकतो. दरवेळी ही ॲलर्जीच असते असं नाही. बऱ्याचदा वेगच कारण असतो, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

मोठ्यांसाठी नेहमीची मर्यादा मिनिटाला 10 मिलिग्रॅम. म्हणजे 1 ग्रॅमला किमान 100 मिनिटं.

तपासणं सोपं आहे. सलाईनच्या नळीच्या (सेटच्या) पाकिटावर 1 मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं, बहुधा 20. 1 ग्रॅम औषध 200 मिलीत असेल तर मिनिटाला 2 मिली, म्हणजे 40 थेंब. घड्याळ लावून 15 सेकंद मोजा: जास्तीत जास्त 10 थेंब पडायला हवेत. हात वाकला की वेग बदलतो, तेव्हा पुन्हा मोजा. फरक दिसला तर चकरीला हात न लावता सिस्टरना बोलवा. लाली, खाज किंवा चक्कर असेल तर लगेच.